वसतिगृह, प्रार्थनाघर आणि रस्ता

१९५१ साली येल विद्यापीठ स्थापनेची अडीचशे वर्षे साजरी करत होते. आदल्याच वर्षी तिथून पदवी घेतलेल्या विल्यम बकली या पंचवीस वर्षांच्या तरुणाने त्याच सुमारास ‘गॉड अँड मॅन ॲट येल’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचा आरोप सरळ होता. येल श्रद्धाळू घरांतून आलेल्या मुलांची श्रद्धा ढिली करते आणि अर्थशास्त्राच्या वर्गात त्यांना सरकारी नियंत्रणाच्या बाजूला वळवते. उपायही त्याने सुचवला होता. काय शिकवायचे याचा निर्णय प्राध्यापकांवर न सोपवता विद्यापीठाचा खर्च उचलणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी तो आपल्या हाती घ्यावा. पुस्तकावर कडाडून टीका झाली आणि ते वाचलेही भरपूर गेले.

कॉलेज धर्म बुडवते आणि धर्म सुटलेली मुले पुढे देश बुडवायला निघतात, हा समज तेव्हापासून अमेरिकेच्या सार्वजनिक जीवनात ठाण मांडून बसला आहे. त्याचे उलटे रूपही तितकेच रूढ आहे. विद्यार्थ्यांनी धर्माचे जोखड फेकून दिले म्हणून साठच्या दशकातल्या चळवळी उभ्या राहिल्या, असे डाव्या बाजूचे लोक अभिमानाने सांगतात. एकमेकांशी भांडणारे हे दोन्ही पक्ष एक गोष्ट गृहीत धरून चालतात, ती म्हणजे धर्म एका टोकाला आणि विद्यार्थी चळवळ दुसऱ्या टोकाला. १९४५ नंतरच्या तीस वर्षांकडे नीट पाहिले तर हे गृहीतक टिकत नाही. विद्यार्थी चळवळीला पहिली माणसे, बसायला पहिल्या खोल्या आणि बोलायला पहिली भाषा धर्मसंस्थांनीच दिली. त्याची किंमतही त्याच संस्थांनी मोजली. या लेखात मला ती हकीकत सांगायची आहे, कारण तिचा एक महत्त्वाचा धागा आपल्या नागपुरातून जातो आणि तो आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक नाही.

सुरुवात गर्दीपासून करावी लागते. २२ जून १९४४ रोजी रूझवेल्ट यांनी सही केलेल्या जी. आय. बिलाने युद्धावरून परतणाऱ्या सैनिकाला वर्षाला ५०० डॉलरपर्यंत फी आणि पुस्तकांचा खर्च, शिवाय दरमहा निर्वाहभत्ता दिला. १९५६ पर्यंत सुमारे २२ लाख माजी सैनिक या कायद्याच्या आधाराने कॉलेजात शिकले. १९४७ साली कॉलेजांतल्या प्रवेशांपैकी जवळजवळ निम्मे प्रवेश त्यांचे होते. शिकागो विद्यापीठाचे रॉबर्ट हचिन्स आणि हार्वर्डचे जेम्स कोनंट या मातब्बर मंडळींना भीती वाटत होती की ही गर्दी शिक्षणाचा दर्जा खाली आणेल. झाले उलटेच. लग्न झालेले, कडेवर मूल असलेले हे विद्यार्थी लष्कराच्या जुन्या पत्र्याच्या बराकींत संसार थाटून राहिले आणि अभ्यासात इतरांच्या पुढे गेले. पहिल्या वर्षाच्या मुलांना विशिष्ट टोपी घालायला लावणे, त्यांची टर उडवणे असले प्रकार या मंडळींनी जुमानलेच नाहीत. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरून आलेला माणूस वसतिगृहातल्या दादाला कशाला घाबरेल!

या गर्दीने कॉलेजांचा धार्मिक तोंडवळाही बदलला. तोवर नामांकित विद्यापीठे ही उच्चभ्रू प्रोटेस्टंट घराण्यांची मिरास होती. ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर तिथे न लिहिलेली मर्यादा असे. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या उच्च शिक्षण आयोगाने १९४७ साली वंश आणि धर्म पाहून प्रवेश देण्यावर स्पष्ट शब्दांत कोरडे ओढले. पुढच्याच वर्षी बॉस्टनजवळ ज्यू समाजाच्या पैशावर पण सर्वांना खुले असे ब्रँडाइस विद्यापीठ उभे राहिले. इटालियन, आयरिश, पोलिश कामगारांची कॅथलिक मुले घराण्यात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोचली. एका समाजाच्या वाट्याला मात्र या कायद्याचे फळ फार थोडे आले. कृष्णवर्णीय सैनिकही त्याच युद्धात लढले होते, पण दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या विद्यापीठांची दारे त्यांना बंद होती आणि त्यांच्या स्वतःच्या कॉलेजांत जागा नि पैसा दोन्ही अपुरे होते. कायद्यात वंशाचा उल्लेख नव्हता. त्याची अंमलबजावणी मात्र स्थानिक गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाती होती, आणि तिथेच सगळे अडले.

कॉलेजच्या फाटकाबाहेर त्याच वेळी धर्माला भरती आली होती. १९५५ आणि १९५८ साली गॅलपच्या पाहणीत ४९ टक्के अमेरिकनांनी सांगितले की आपण गेल्या आठवड्यात उपासनेला गेलो होतो. त्यानंतर हा आकडा कधीच याच्या वर गेला नाही. बिली ग्रॅहम यांच्या सभांना मैदाने भरत. बिशप फुल्टन शीन टेलिव्हिजनवर इतके लोकप्रिय झाले की करमणुकीच्या कार्यक्रमांना त्यांची धास्ती वाटू लागली. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी पदावर आल्यानंतर, फेब्रुवारी १९५३ मध्ये, बाप्तिस्मा घेतला. १४ जून १९५४ रोजी राष्ट्रध्वजाच्या प्रतिज्ञेत देवाचा उल्लेख घातला गेला आणि १९५६ साली देवावर भरवसा सांगणारे वाक्य राष्ट्राचे अधिकृत बोधवाक्य झाले. समोर निरीश्वरवादी रशिया उभा होता, तेव्हा देव मानणे हा देशभक्तीचा पुरावा ठरला. विल हर्बर्ग या ज्यू विचारवंताने १९५५ साली ‘प्रोटेस्टंट, कॅथलिक, ज्यू’ या पुस्तकात याचे वर्म नेमके पकडले. हे तीन धर्म म्हणजे आता अमेरिकन असण्याच्या तीन मान्य तऱ्हा झाल्या आहेत, आणि तिन्ही ठिकाणी पूजा चालते ती अमेरिकन जीवनपद्धतीचीच, असे त्याचे म्हणणे होते. हर्बर्ग तरुणपणी कम्युनिस्ट होता, पुढे धर्माकडे वळला. म्हणूनच देवाच्या नावाने चाललेली राष्ट्रपूजा त्याला सलत असावी.

विद्यापीठ आणि सत्ता यांच्यातले अंतर त्या काळात किती कमी झाले होते, हे आयझेनहॉवर यांच्याच चरित्रातून दिसते. व्हाइट हाउसमध्ये जाण्यापूर्वी, १९४८ पासून, ते कोलंबिया विद्यापीठाचे अध्यक्ष होते. जून १९५२ मध्ये कोलंबियाने आपल्या जुन्या विद्यार्थ्याला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना, मानद एलएल. डी. दिली तेव्हाही कागदोपत्री ते पद त्यांच्याकडेच होते. प्रत्यक्षात ते निवडणुकीच्या रिंगणात उतरले होते.

सत्तेच्या इतके जवळ गेलेल्या विद्यापीठांची परीक्षा मॅकार्थीच्या कम्युनिस्टविरोधी मोहिमेच्या काळात झाली आणि बहुतेक त्या परीक्षेत नापास झाली, असे माझे स्पष्ट मत आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९४९ मध्ये प्राध्यापकांकडून आपण कम्युनिस्ट नसल्याची शपथ मागितली. सही न करणाऱ्या ३१ जणांना १९५० साली काढून टाकले. एर्न्स्ट कांटोरोविच हा मध्ययुगाचा थोर इतिहासकार नकार देणाऱ्यांत होता. तो जर्मनीत तरुणपणी डाव्यांविरुद्ध बंदूक घेऊन लढला होता आणि पुढे ज्यू म्हणून नाझींच्या तावडीतून निसटून आला होता. कम्युनिस्ट असल्याचा संशय त्याच्यावर कोणी घेऊ शकत नव्हते. तरीही त्याने सही केली नाही, कारण सक्तीची शपथ कुठे घेऊन जाते हे त्याने जर्मनीत डोळ्यांनी पाहिले होते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५२ साली ही शपथ रद्द ठरवली. १९५७ साली रशियाचा स्पुटनिक आकाशात गेल्यावर काँग्रेसने घाईने शिक्षणासाठी पैसा ओतणारा कायदा केला, आणि त्यातही कर्ज घेणाऱ्या विद्यार्थ्याकडून तसलेच प्रतिज्ञापत्र मागितले. या वेळी मात्र हार्वर्ड आणि येलसह काही संस्थांनी पैसा नाकारला. १९६२ मध्ये ती अट निघाली. बाकी पन्नाशीच्या दशकातल्या विद्यार्थ्यांना त्यांच्याच काळातल्या नियतकालिकांनी मुकी पिढी म्हटले होते. वरवर ते खरेही दिसत होते.

पण या मुक्या म्हटलेल्या पिढीच्या बैठका भरत होत्या. कॅथलिक विद्यार्थ्यांचे न्यूमन क्लब, ज्यू विद्यार्थ्यांचे हिलेल, मेथडिस्ट आणि प्रेस्बिटेरियन मंडळांची वसतिगृहे, मुला-मुलींच्या वायएमसीए आणि वायडब्ल्यूसीए या संस्था जवळजवळ प्रत्येक मोठ्या विद्यापीठाच्या कुंपणालगत होत्या. विद्यापीठाच्या आवारात राजकीय वक्त्यांना बंदी असे. ही घरे कुंपणाबाहेर असल्यामुळे तिथे बंदी चालत नसे. बर्कलीतल्या वायएमसीएच्या स्टाइल्स हॉलने अशा नाकारलेल्या वक्त्यांना वर्षानुवर्षे व्यासपीठ दिले. तिथे राइनहोल्ड नीबूर आणि पॉल टिलिक यांची पुस्तके वाचली जात. नीबूर सांगत होते की व्यक्ती म्हणून सज्जन असलेली माणसे गट म्हणून निष्ठुर होतात, आणि आपण चांगले आहोत या समाधानात राहणे हेच पाप आहे. रविवारच्या चर्चमध्ये मिळणारे समाधान आणि या वाचनातून येणारी बेचैनी, दोन्ही एकाच धर्माच्या नावाने चालू होती. टेक्सासमध्ये ऑस्टिन येथे १९५२ साली सुरू झालेल्या एका ख्रिस्ती निवासात, जेव्हा टेक्सास विद्यापीठाची स्वतःची वसतिगृहे वेगवेगळ्या रंगांसाठी वेगळी होती तेव्हा, पुढे काळे आणि गोरे विद्यार्थी एका छताखाली राहू लागले. सँड्रा केसन, म्हणजे नंतरची केसी हेडन, याच निवासातून आणि वायडब्ल्यूसीएतून घडली.

खरी तयारी मात्र कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांत चालली होती, आणि इथे थोडे थांबले पाहिजे.

हॉवर्ड विद्यापीठाच्या प्रार्थनाघराचे प्रमुख हॉवर्ड थर्मन १९३६ साली बारडोलीला गांधीजींना भेटले होते. अटलांटाच्या मोरहाउस कॉलेजचे पुढे अध्यक्ष झालेले बेंजामिन मेज यांनीही त्यानंतर लवकरच भारतात येऊन गांधीजींशी दीर्घ चर्चा केली. हॉवर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष मॉर्डेकाय जॉन्सन भारत पाहून आले आणि १९५० मध्ये फिलाडेल्फियात त्यांनी गांधींवर व्याख्यान दिले. श्रोत्यांत सेमिनरीत शिकणारा मार्टिन ल्यूथर किंग नावाचा विद्यार्थी होता. तो तिथून उठला तो गांधींवरची पुस्तके विकत घ्यायला गेला. किंग हा मोरहाउसचा, म्हणजे मेज यांचाच विद्यार्थी. पुढे तो बॉस्टन विद्यापीठात पीएच. डी. करत असताना १९५३ मध्ये थर्मन तिथल्या प्रार्थनाघराचे प्रमुख म्हणून आले. गोऱ्यांच्या मोठ्या विद्यापीठात अशा पदावर आलेले ते पहिले कृष्णवर्णीय. ही सगळी माणसे एकाच वेळी शिक्षक होती आणि धर्मोपदेशकही. त्यांच्यात कॉलेज, धर्म आणि सार्वजनिक कार्य यांना वेगळे करून दाखवणे शक्यच नाही.

आता नागपूर. ओहायोत वाढलेला जेम्स लॉसन हा मेथडिस्ट धर्मोपदेशकाचा मुलगा. कोरियाच्या युद्धात भरती व्हायला त्याने नकार दिला. धर्मशिक्षण घेणाऱ्याला मिळणारी सूट त्याला सहज घेता आली असती, पण ती न घेता त्याने तुरुंगवास पत्करला. तेरा महिन्यांनी सुटल्यावर १९५३ मध्ये मेथडिस्ट मिशनने त्याला नागपूरला हिस्लॉप कॉलेजात पाठवले. तीन वर्षे तो तिथे मुलांना खेळ शिकवत होता, त्यांच्यात राहत होता आणि गांधीजींबरोबर काम केलेल्या माणसांना भेटत होता. गांधीजींचा खून होऊन तेव्हा पाचच वर्षे झाली होती आणि सेवाग्राम तिथून फार दूर नव्हते. डिसेंबर १९५५ मध्ये नागपुरातल्याच एका इंग्रजी वर्तमानपत्रात त्याने मॉन्टगोमेरीतल्या कृष्णवर्णीयांच्या बस-बहिष्काराची बातमी वाचली. १९५६ साली तो मायदेशी परतला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच नागपुरात डॉ. आंबेडकरांनी लाखोंसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नव्हता. पण धर्म हा माणसाच्या मुक्तीच्या कामी आणायचा असतो, हा विचार त्या शहरात त्या काळी किती जिवंत होता हे त्यातून कळते.

फेब्रुवारी १९५७ मध्ये ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजात लॉसन आणि किंग यांची गाठ पडली. शिक्षण पुरे करून मग दक्षिणेत येतो, असे लॉसन म्हणाले. किंग यांनी त्यांना थांबू नका, आत्ताच या, असे सांगितले. लॉसन नॅशव्हिलला गेले, व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या धर्मविद्याशाखेत त्यांनी नाव घातले आणि एका कृष्णवर्णीय मेथडिस्ट चर्चमध्ये संध्याकाळचे वर्ग सुरू केले. तिथे विद्यार्थ्यांना अहिंसेचा सराव दिला जाई. एकाने शिव्या द्यायच्या, दुसऱ्याने ढकलायचे, तिसऱ्याने केसांत सिगारेटची राख झाडायची आणि समोरच्याने हात उचलायचा नाही. अंग कसे आखडून घ्यायचे, डोके कसे वाचवायचे, मार खाणाऱ्या सोबत्याला आपल्या अंगाने आडोसा कसा द्यायचा, हे सगळे घटवून घेतले जाई. फिस्क विद्यापीठाची डायान नॅश, बॅप्टिस्ट सेमिनरीतले जॉन लुईस, जेम्स बेव्हेल आणि बर्नार्ड लाफायेट ही त्या वर्गातली मुले.

१ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो गावी चार विद्यार्थी वुलवर्थ दुकानातल्या गोऱ्यांसाठी राखलेल्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले. नॅशव्हिलच्या मुलांची तयारी झालेलीच होती. १३ फेब्रुवारीला शंभरावर विद्यार्थी नीटनेटके कपडे घालून, अभ्यासाची पुस्तके घेऊन तिथल्या काउंटरांवर बसले. दोन आठवड्यांनी गुंडांनी त्यांना मारले आणि पोलिसांनी मार खाणाऱ्यांनाच, ऐंशीवर विद्यार्थ्यांना, पकडून नेले. मार्चच्या सुरुवातीला व्हँडरबिल्टने लॉसन यांना काढून टाकले. ख्रिस्ती धर्मविद्या शिकवणाऱ्या विद्यापीठाने ती आचरणात आणणाऱ्या विद्यार्थ्याला हाकलले, याचा धक्का मोठा होता. धर्मविद्याशाखेच्या प्रमुखांसह तिथल्या अनेक प्राध्यापकांनी राजीनामे दिले. एप्रिलमध्ये विद्यार्थ्यांच्या वकिलाचे घर बाँबने उडवले गेले तेव्हा हजारो लोक मूकपणे नगरभवनापर्यंत चालत गेले. तिथे पायऱ्यांवर डायान नॅशने महापौरांना विचारले, की केवळ रंगावरून माणसाला वेगळे वागवणे तुम्हाला योग्य वाटते का. योग्य वाटत नाही, हे त्यांना सर्वांसमक्ष मान्य करावे लागले. १० मेपासून नॅशव्हिलचे काउंटर सर्वांना खुले होऊ लागले.

त्याच वर्षी ईस्टरच्या सुमारास रॅली शहरातल्या शॉ विद्यापीठात एला बेकर यांनी विद्यार्थ्यांना एकत्र बोलावले. त्यातून विद्यार्थी अहिंसा समन्वय समिती, म्हणजे एसएनसीसी, जन्मली. तिचे पहिले उद्देशपत्र लॉसन यांनी लिहिले आणि त्यात अहिंसेचा पाया ज्यू-ख्रिस्ती परंपरेत शोधला होता. अलाबामातल्या सरकारी कॉलेजने असाच सत्याग्रह करणाऱ्या विद्यार्थ्यांना सुनावणीशिवाय काढले. त्यावर संघराज्याच्या अपील न्यायालयाने १९६१ मध्ये निकाल दिला, की सार्वजनिक कॉलेजला बाजू ऐकून न घेता विद्यार्थ्याला घालवता येणार नाही. तोवर कॉलेज स्वतःला पालकाच्या जागी मानत असे. मुलींनी रात्री किती वाजता परतायचे, कोणाला भेटायचे, कोणत्या सभेला जायचे हे कॉलेज ठरवी. अमेरिकेतल्या सगळ्या गोऱ्या मुला-मुलींना पुढे मिळालेल्या मोकळिकीची कायदेशीर सुरुवात या गरीब कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी केली, हे विसरता कामा नये.

इथून पुढचा प्रवास पुष्कळांना माहीत आहे, म्हणून भरभर सांगतो. १९६२ च्या जूनमध्ये मिशिगनात पोर्ट ह्युरन येथे टॉम हेडन आणि त्यांच्या सोबत्यांनी नव्या डाव्या विद्यार्थी संघटनेचा जाहीरनामा सिद्ध केला. १९६४ च्या उन्हाळ्यात शेकडो गोरे विद्यार्थी मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करायला गेले. त्यांचे प्रशिक्षण ओहायोतल्या एका महिला कॉलेजात झाले आणि त्याला चर्चच्या राष्ट्रीय परिषदेने पाठबळ दिले. त्यांपैकी मारिओ साव्हिओ हा कॅथलिक घरातला, लहानपणी चर्चमध्ये सेवा करणारा मुलगा बर्कलीला परतला. आवारात चळवळीसाठी पैसे गोळा करायला बंदी आहे असे त्याला कळले. त्या डिसेंबरात विद्यापीठाची इमारत व्यापून बसलेल्या जवळजवळ आठशे विद्यार्थ्यांना अटक झाली. मिसिसिपीतून आणखी एक गोष्ट परत आली. चळवळीतही स्त्रियांनी टंकलेखन करायचे आणि पुरुषांनी ठराव मांडायचे, हे केसी हेडन आणि मेरी किंग यांना खटकले. १९६५ मध्ये दोघींनी स्त्रीची स्थिती जातिव्यवस्थेशी ताडून पाहणारे एक टिपण सहकारी स्त्रियांना पाठवले. नव्या स्त्रीमुक्ती चळवळीच्या पहिल्या कागदांत त्याची गणना होते. मेरी किंग याही मेथडिस्ट धर्मोपदेशकाच्याच कन्या.

उजव्या बाजूचे विद्यार्थी या काळात स्वस्थ नव्हते, आणि याकडे बहुतेक आढावे दुर्लक्ष करतात. सप्टेंबर १९६० मध्ये कनेटिकटातल्या शॅरन गावी बकलींच्या घरी सुमारे शंभर तरुण जमले आणि त्यांनी आपली संघटना स्थापन केली. ईश्वराने दिलेले इच्छास्वातंत्र्य हे त्यांच्या निवेदनातले पहिले सूत्र होते. डाव्या संघटना दहा वर्षांत फुटल्या. या संघटनेत तयार झालेली माणसे पुढे रेगन यांच्या काळात सत्तेत बसली. त्याआधी १९५१ मध्येच लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात बिल ब्राइट यांनी सुरू केलेले कॅम्पस क्रूसेड शांतपणे वाढत होते. त्याने १९७२ मध्ये डॅलसला मेळावा भरवला तेव्हा सुमारे ८० हजार तरुण आले.

दरम्यान सर्वोच्च न्यायालयाने धर्माची जागा नव्याने आखून दिली. सरकारी शाळांतली सरकारी प्रार्थना १९६२ मध्ये आणि बायबलवाचन १९६३ मध्ये घटनाबाह्य ठरले. धर्म हद्दपार झाला, अशी ओरड झाली. पण १९६३ च्या निकालात न्यायमूर्ती टॉम क्लार्क यांनी स्पष्ट केले होते, की धर्माचा अभ्यास म्हणून अभ्यास करायला घटनेची आडकाठी नाही. त्यानंतर सरकारी विद्यापीठांत धर्माभ्यासाचे विभाग निघाले, आणि ख्रिस्ती मुले हिंदू, बौद्ध, इस्लामी ग्रंथ वर्गात वाचू लागली. कॅथलिक कॉलेजांनीही १९६७ मध्ये लँड ओ'लेक्सच्या बैठकीत आपल्या कारभारात बाहेरच्या सत्तेचा, अगदी चर्चच्या सत्तेचाही, हस्तक्षेप नको असे जाहीर केले. त्या बैठकीचे सूत्रधार नोटर डेमचे अध्यक्ष फादर थिओडोर हेसबर्ग १९५७ पासून सरकारच्या नागरी हक्क आयोगावर होते. पुढे त्याचे अध्यक्ष झाले आणि निक्सन यांच्या धोरणावर टीका केल्याने त्यांना पद सोडावे लागले. या साऱ्या पटावरचा मला सर्वांत आदरणीय वाटणारा विद्यापीठप्रमुख हाच.

व्हिएतनामच्या युद्धाने मात्र घर दुभंगले. येलच्या प्रार्थनाघराचे प्रमुख विल्यम स्लोन कॉफिन यांनी भरतीपत्रे परत करणाऱ्या विद्यार्थ्यांना चर्चमध्ये उभे केले आणि १९६८ मध्ये त्यांच्यावर खटला झाला. कॉर्नेलमध्ये काम करणारे जेझुइट डॅनियल बेरिगन आणि आठ सोबत्यांनी कॅटन्सव्हिल येथे भरतीच्या कागदांची होळी केली आणि पोलिसांची वाट पाहत प्रार्थना करत उभे राहिले. किंग, रब्बी हेशेल आणि असे अनेक धर्मोपदेशक युद्धाविरुद्ध बोलत होते. बाकावर बसणारा, वर्गणी देणारा सामान्य चर्चसदस्य मात्र त्यांच्यासोबत नव्हता. दुसरीकडे विद्यार्थ्यांनाही धर्मोपदेशकांची चाल मंद वाटू लागली. ४ मे १९७० रोजी केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या गोळीबारात चार विद्यार्थी मेले. सारे जग हादरले. अकरा दिवसांनी मिसिसिपीत जॅक्सन स्टेट या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात पोलिसांच्या गोळ्यांनी दोन तरुण मेले. त्यांची आठवण फार थोड्यांना आहे. १९७१ मध्ये मतदानाचे वय १८ वर आले.

उदारमतवादी प्रोटेस्टंट मंडळांची सदस्यसंख्या साठच्या दशकाच्या मध्यापासून घसरू लागली आणि अजून सावरलेली नाही. मेथडिस्टांनी विद्यार्थ्यांसाठी चालवलेले, त्या पिढीला घडवणारे ‘मोटिव्ह’ हे देखणे मासिक १९७२ मध्ये बंद पडले. ज्या मुलांना त्यांनी विचार करायला शिकवले, ती मुले मोठेपणी चर्चमध्ये परतली नाहीत. त्यांची सामाजिक निष्ठा शाबूत राहिली, मंडळाशी नाते तुटले. या स्थितीचा अर्थ लावताना इतिहासकारांत दोन तट पडले आहेत. जॉर्ज मार्सडन यांनी १९९४ च्या ग्रंथात विद्यापीठांच्या आत्म्याची हळूहळू झालेली झीज दाखवली. डग रॉसिनो यांनी ऑस्टिनच्या कागदपत्रांतून नव्या डाव्या चळवळीची ख्रिस्ती मुळे उकरून काढली. डेव्हिड हॉलिंजर यांचे म्हणणे आहे की उदार प्रोटेस्टंटांनी सदस्य गमावले, पण वंशसमता, परधर्माचा आदर, जगाकडे पाहण्याचा मोकळेपणा ही त्यांची मूल्ये देशाने उचलली. परदेशी गेलेल्या मिशनरींनी ज्यांना बदलायला गेले त्यांच्यापेक्षा आपल्या मायदेशालाच अधिक बदलले, हेही त्यांनीच दाखवले. मला हॉलिंजर यांची बाजू अधिक पटते. मार्सडन विद्यापीठाच्या कारभाराकडे आणि अभ्यासक्रमाकडे पाहतात. कुंपणालगतच्या त्या खोल्यांत काय घडले हे त्यांच्या नजरेच्या कडेलाच राहते.

आणि या मूल्यांच्या विजयातही खाचखळगे आहेत. कृष्णवर्णीयांना १९७१ पर्यंत प्रवेश न देणाऱ्या बॉब जोन्स विद्यापीठाने आंतरवंशीय प्रेमसंबंधांवरची बंदी पुढे २००० सालापर्यंत धर्माच्या नावाने चालू ठेवली. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची करसवलत नाकारली, तेव्हा धर्मस्वातंत्र्यावर घाला आल्याची हाकाटी झाली. दुसरीकडे १९८१ मध्ये सरकारी विद्यापीठाच्या खोल्या धार्मिक विद्यार्थी गटांनाही मिळाल्या पाहिजेत असा निकाल लागला आणि त्याचा आधार भाषणस्वातंत्र्य होता. ज्या हक्कासाठी बर्कलीत डावी मुले तुरुंगात गेली, तोच हक्क आता बायबल वाचणाऱ्या मुलांच्या कामी आला. मला यात काही वावगे वाटत नाही. हक्क तसाच असायला हवा. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर आलेल्या भारतीय, अरब, आफ्रिकी विद्यार्थ्यांनाही त्याचा उपयोग झाला, आणि आज मराठी मुले अमेरिकेतल्या आवारात गणपती बसवतात तेही याच मोकळ्या जागेत.

बकलीच्या आरोपाला माझे उत्तर असे आहे. कॉलेजने श्रद्धा बुडवली नाही. सत्तेला शोभेची म्हणून हवी असलेली श्रद्धा आणि सत्तेला प्रश्न विचारणारी श्रद्धा यांतला फरक काही कॉलेजांनी, विशेषतः गरीब आणि कृष्णवर्णीय कॉलेजांनी, मुलांना कळू दिला. त्या मुलांनी आपला देश अधिक न्याय्य केला.

जेम्स लॉसन २०२४ च्या जूनमध्ये पंचाण्णवाव्या वर्षी वारले. व्हँडरबिल्टने त्यांची माफी मागितली, २००६ मध्ये त्यांना सन्मानाने अध्यापनासाठी बोलावले. नॅशव्हिलमध्ये त्यांच्या वर्गांची, त्यांच्या विद्यार्थ्यांची नोंद बारकाईने झाली आहे. नागपुरातल्या तीन वर्षांबद्दल मराठीत वाचायला फारसे काही मिळत नाही. त्यांच्याकडून खेळ शिकलेली हिस्लॉपची मुले आज हयात असतील तर नव्वदीच्या आसपास असतील. नागपूरच्या वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे, की अशी कोणी व्यक्ती, एखादे पत्र, खेळाच्या संघाचा एखादा फोटो, कॉलेजच्या वार्षिकाचा अंक घरात किंवा ओळखीत असेल तर तो शोधावा, त्या आठवणी लिहून घ्याव्यात आणि त्या एखाद्या ग्रंथालयाकडे सोपवाव्यात. हे काम याच एक-दोन वर्षांत झाले पाहिजे.